ऊन पाहून पडदा

पडदे घ्यायला निघालेलं पुण्यातलं कुटुंब आधी भिंतीचा रंग बघतं, मग सोफ्याचा, मग खिसा. दुकानात नमुन्यांची पुस्तकं उलगडतात, रंगावरून घरात दोन मतं पडतात आणि शेवटी सगळ्या खिडक्यांना एकच कापड ठरवून मंडळी घरी येतात. खिडकीचं तोंड कोणत्या दिशेला आहे, हा प्रश्न क्वचितच निघतो. खरं तर तो सगळ्यात आधी निघायला हवा. एकाच फ्लॅटमधल्या पूर्वेच्या आणि पश्चिमेच्या खिडकीवर एप्रिलमध्ये इतकं निराळं ऊन पडतं की दोन्हींना सारखाच पडदा लावला तर एक खोली वर्षभर भोगते. म्हणून या प्रकरणात रंगाचं बोलणं शेवटी येईल. आधी ऊन, वारा, पाऊस आणि समोरच्या बिल्डिंगमधली खिडकी.

पुणे साडेअठरा अंश उत्तर अक्षांशावर आहे. कर्कवृत्त आपल्या बरंच उत्तरेला, त्यामुळे मेच्या मध्याच्या सुमारास सूर्य भर दुपारी आपल्या अगदी डोक्यावर येतो आणि तिथून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य थोडा उत्तरेकडेच कललेला असतो. याचा अर्थ असा की, ज्या दक्षिणेच्या खिडकीला आपण उन्हाची खिडकी समजतो, तिच्यात ऐन मे महिन्याच्या दुपारी थेट ऊन जवळजवळ येतच नाही. एप्रिलमध्येही सूर्य इतका उंच असतो की दीड-दोन फुटांचा छज्जा त्याला सहज अडवतो. डिसेंबरात मात्र दुपारचा सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४८ अंश वर चढतो. खिडकीची वरची कड जमिनीपासून सात फुटांवर असेल आणि बाहेर छज्जा नसेल, तर ते ऊन खोलीत सहा फूट आतपर्यंत येतं. पुण्यात थंडीत पहाटे पारा दहाच्या खाली उतरतो, तेव्हा हे ऊन हवंहवंसं असतं. म्हणजे दक्षिणेच्या खिडकीला जाड, काळोख करणारा पडदा लावणं हा पैशाचा अपव्यय आहे. तिथे हलकं सुती कापड पुरतं, आणि ते हिवाळ्याच्या दुपारी पूर्ण बाजूला सारता आलं पाहिजे.

उत्तरेच्या खिडकीबद्दलही एक समज आहे की तिथे ऊन येतच नाही. जूनमध्ये पुण्याला सूर्य नेमका पूर्वेला उगवत नाही. तो पूर्वेपासून सुमारे २५ अंश उत्तरेला सरकून उगवतो आणि तितकाच उत्तरेला सरकून मावळतो. त्यामुळे मे-जूनमध्ये सकाळी आणि संध्याकाळी उत्तरेच्या खिडकीतही तिरकं ऊन शिरतं. वर्षाचे बाकीचे महिने तिथे शांत, सारखा उजेड असतो. अभ्यासाची किंवा शिवणकामाची खोली उत्तरेला असेल तर तिचा पडदा शक्य तितका पातळ ठेवावा.

खरा पेच पश्चिमेच्या खिडकीचा आहे, आणि पुण्यात तो इतर शहरांपेक्षा जास्त गुंतागुंतीचा आहे. उन्हाळ्यात दुपारी दोनपासून सूर्यास्तापर्यंत तिच्यावर ऊन असतं. सूर्य खाली आलेला असल्यामुळे छज्ज्याचा उपयोग होत नाही, किरण आडवे आत येतात. भिंत तापते, काच तापते, पलंग तापतो आणि रात्री अकरापर्यंत ती खोली निवत नाही. पण याच दिशेने पुण्याला वारा येतो. एप्रिल-मेमध्ये दिवस कलला की घाटापलीकडून पश्चिमेचा वारा सुटतो. पठारावरचं, साधारण ५६० मीटर उंचीवरचं शहर असल्याने रात्री हवा चांगली उतरते. एप्रिलमध्ये दुपारी पारा ३८च्या आसपास असतो आणि पहाटे २१पर्यंत येतो. दिवस आणि रात्रीतला हा फरक मुंबईकरांना मिळत नाही. तो घरात घेता आला तर एसीची गरज निम्म्याने कमी वाटते. म्हणजे पश्चिमेच्या खिडकीच्या पडद्याने दुपारी घट्ट मिटायला हवं आणि सात वाजता पूर्णपणे बाजूला व्हायला हवं. एकाच पडद्याकडून या दोन्ही गोष्टी हव्यात. पुणेकराने सगळ्यात जास्त विचार आणि सगळ्यात जास्त पैसा या एका खिडकीवर खर्च करावा, असं माझं ठाम मत आहे.

इथे थोडं मागे जाऊन बघायला हवं, कारण जुन्या पुण्याने ऊन अडवण्याचं काम फार निराळ्या पद्धतीने केलं होतं. पेठांमधल्या वाड्यांना रस्त्याच्या बाजूला जाड भिंती आणि मोजक्या खिडक्या असत. खोल्या आतल्या चौकाकडे उघडत, आणि चौक व खोली यांच्यामध्ये ओसरी किंवा पडवी असे. ऊन पडवीतच थांबे, आत फक्त उजेड येई. ज्यांची ऐपत होती त्यांच्याकडे कमानींमध्ये चिकाचे पडदे सोडलेले असत. चीक म्हणजे बांबूच्या बारीक कामट्या सुताने विणून केलेला पडदा. उन्हाळ्यात वाळ्याचे पडदे लावून त्यांवर पाणी शिंपडत. आजही केळकर संग्रहालयातले जुने कोरीव दरवाजे-झरोके पाहिले, किंवा विश्रामबागवाड्याचा रस्त्यावर डोकावणारा लाकडी सज्जा पाहिला, की लक्षात येतं, या इमारतींमध्ये ऊन आणि माणूस यांच्यात आधीच दोन-तीन थर उभे होते. कापडी पडद्याला तिथे फारसं काम उरत नसे.

१८१७च्या खडकीच्या लढाईनंतर कॅम्प वसला, तिथल्या बंगल्यांना चहूबाजूंनी व्हरांडा आला. खांबांच्या मधे पुन्हा चीकच. डेक्कन जिमखाना आणि प्रभात रस्त्याच्या बाजूला विसाव्या शतकात उभ्या राहिलेल्या बंगल्यांनीही व्हरांडा सोडला नाही. मग १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटलं. नदीकाठच्या पेठांमधले कितीतरी वाडे एका दिवसात बसले आणि हजारो कुटुंबं नव्या वसाहतींमध्ये गेली. १९६३मध्ये ओनरशिप फ्लॅटचा कायदा आला आणि पुढच्या दोन-तीन दशकांत मध्यमवर्गीय पुणेकर फ्लॅटमध्ये राहायला लागला. फ्लॅटला पडवी नव्हती. खिडकी थेट बाहेरच्या भिंतीत आली. तिलाही सुरुवातीला लोखंडी चौकट, उघडणारी तावदानं आणि वर छज्जा होता. पुढे सरकत्या काचा आल्या, काच मोठी होत गेली, छज्जा आखूड होत गेला आणि बाणेर-खराडीच्या कित्येक टॉवरमध्ये तो दिसेनासाच झाला. बाहेरचे थर एकेक करून गळाले आणि त्या सगळ्यांचं काम आतल्या एका कापडावर येऊन पडलं.

ते काम कापडाला पेलत नाही, याचं कारण साधं आहे. ऊन काचेतून आत आलं की पडद्यावर पडतं आणि तिथे त्याची उष्णता होते. पडदा तापतो आणि ती उष्णता खोलीतच सोडतो, कारण काच तिला सहजासहजी बाहेर जाऊ देत नाही. पडदा काचेच्या आत असला की उन्हाने निम्मी बाजी मारलेलीच असते. म्हणून पश्चिमेच्या खिडकीवर पहिला थर बाहेर हवा. बाल्कनी असेल तर तिच्या कडेला बांबूची चीक सोडावी. ती स्वस्त आहे, गुंडाळता येते आणि तिच्यातून वारा येतो. बाल्कनी नसेल तर ग्रिलच्या आतल्या बाजूला, पण काचेच्या बाहेर, हिरवी किंवा पांढरी शेडनेट ताणून बसवता येते. सोसायटी दर्शनी भागाला हात लावू देत नसेल तर आतल्या पडद्यावर भिस्त ठेवावी लागेल. अशा वेळी काचेकडची बाजू पांढरी किंवा फिकट असलेलं अस्तर घ्यावं. ऊन कापडात शिरण्याआधीच त्यातलं काही परत काचेबाहेर फेकलं जातं. खोलीकडची बाजू हव्या त्या रंगाची ठेवता येते. गडद मरून रंगाचा बिनअस्तराचा पडदा पश्चिमेला लावला तर काळोख मिळेल, थंडावा मिळणार नाही.

वाळ्याच्या पडद्याचा प्रयोग आजही करण्यासारखा आहे, मात्र तो कधी चालतो हे समजून घ्यावं. पाण्याची वाफ होताना ते आजूबाजूच्या हवेतून उष्णता ओढून घेतं. एक लिटर पाणी वाळायला सुमारे २४ लाख जूल उष्णता लागते. तासाभरात एक लिटर पाणी पडद्यावरून उडून गेलं, तर साधारण पावणेसातशे वॉटच्या हीटरइतकी उष्णता हवेतून कमी होते. दीड टनाचा एसी याच्या सात-आठ पट काम करतो, हे खरं. पण एका खिडकीजवळ बसून वाचणाऱ्या माणसाला वाळ्याचा ओला वारा पुरतो, आणि त्याच्या वासाला तोड नाही. अट एकच, हवा कोरडी हवी. मार्च ते मे या दिवसांत पुण्याची दुपारची हवा तशी असते. जूनमध्ये ढग आले की हा पडदा काढून, पूर्ण वाळवून ठेवावा, नाहीतर त्याला बुरशी धरते.

पूर्वेच्या खिडकीचा प्रश्न उष्णतेपेक्षा झोपेचा आहे. सकाळचं ऊन बहुतेक घरांना आवडतं, ते दहापर्यंत वर सरकतं आणि जातं. पण हिंजवडी, मगरपट्टा, खराडी इथे अमेरिकेच्या वेळेनुसार काम करणारी हजारो तरुण मंडळी पहाटे घरी येऊन झोपतात. त्यांच्या खोलीला ब्लॅकआउट कापड लागतंच. ब्लॅकआउट घेताना एक गोष्ट लक्षात घ्यावी, उजेड कापडातून कमी आणि कडांमधून जास्त येतो. रॉड खिडकीच्या दोन्ही बाजूंना आठ-दहा इंच पुढे जायला हवा आणि पडद्याची शेवटची घडी भिंतीला टेकायला हवी. वरून उजेड झिरपत असेल तर पेल्मेट, म्हणजे रॉड झाकणारी वरची पेटी, करून घ्यावं. पेल्मेट आता जुनाट समजलं जातं, पण त्याने जे साधतं ते महागड्या कापडानेही साधत नाही.

आता शेजार. सदाशिव किंवा नारायण पेठेतल्या अरुंद गल्लीत आणि वारज्याच्या दाट सोसायटीत अडचण एकच आहे. समोरची खिडकी पंधरा-वीस फुटांवर असते. अशा ठिकाणी बहुतेक लोक पातळ शीअर लावतात आणि निश्चिंत होतात. दिवसा ते ठीक असतं, कारण बाहेर उजेड जास्त आणि आत कमी, त्यामुळे बाहेरच्याला कापडच दिसतं. संध्याकाळी घरात दिवा लागला की उजेडाची बाजू उलटते आणि शीअरमागचं सगळं घर बाहेरून स्पष्ट दिसतं. म्हणून शीअर एकटं लावू नये. त्याच्यामागे दुसरा, भरीव पडदा हवा. त्यासाठी दुहेरी ब्रॅकेट मिळतं, पुढच्या रॉडवर जाड कापड आणि काचेकडच्या रॉडवर शीअर.

तळमजल्याला मात्र मी एक जुनीच युक्ती सुचवेन. जुन्या घरांत खिडकीच्या खालच्या अर्ध्या भागावर दोन आकड्यांमध्ये स्प्रिंगची तार ताणून तिच्यात छोटा पडदा ओवलेला असे. रस्त्यावरून जाणाऱ्याची नजर खालच्या अर्ध्यावर अडते, वरच्या अर्ध्यातून उजेड आणि वारा येत राहतात. आता हा अर्धा पडदा गरिबीचं लक्षण वाटून लोकांनी काढून टाकला आहे. रस्त्यालगतच्या खोलीसाठी त्याच्याइतकी नेमकी रचना दुसरी नाही. चांगलं सुती कापड, नीट घातलेल्या चुण्या आणि पितळी सळई घेतली तर तो देखणाही दिसतो.

प्रकारांची नावं दुकानात भराभर कानावर पडतात, त्यामुळे गोंधळ होतो. आयलेट म्हणजे वरच्या पट्टीत धातूची गोल कडी ठोकून रॉडमध्ये ओवलेला पडदा. तो सहज सरकतो, सरळ लाटा पडतात, आणि आज पुण्यातल्या बहुतेक घरांत हाच आहे. प्लेटचा पडदा म्हणजे वर बकरम घालून चुण्या शिवलेला आणि हुकांनी ट्रॅकला अडकवलेला. तो जास्त भरदार दिसतो आणि मोठ्या रुंदीला जास्त उपयोगी पडतो. याचं कारण दुकानदार सहसा सांगत नाहीत. सहा-सात फुटांपेक्षा लांब रॉडला मधे ब्रॅकेट द्यावं लागतं, नाहीतर तो वाकतो, आणि आयलेटची कडी त्या मधल्या ब्रॅकेटपलीकडे जाऊ शकत नाही. बाल्कनीच्या दहा फुटी सरकत्या दारावर आयलेट लावला तर पडदा दोन बाजूंनाच विभागून ठेवावा लागतो. ट्रॅकवर तो एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकतो. लूपचा पडदा दिसायला गोड, पण रोज उघडझाक करायची असेल तर तो कंटाळा आणतो, कारण कापडाच्या पट्ट्या रॉडवर अडकतात. जो पडदा क्वचितच हलवायचा आहे त्यालाच तो द्यावा.

रोलर, रोमन, झेब्रा हे ब्लाइंड खिडकीच्या चौकटीत बसतात, जागा कमी खातात आणि छोट्या स्वयंपाकघरात किंवा अभ्यासिकेत शोभतात. पण पुण्याच्या वाऱ्यात मला त्यांच्याबद्दल एक तक्रार आहे. खिडकी उघडी असेल तर ब्लाइंड चौकटीवर आपटत राहतात, आणि व्हर्टिकल ब्लाइंडच्या पट्ट्या तर खडखडतात. ज्या घरात संध्याकाळी खिडक्या उघडण्याची सवय आहे, तिथे कापडी पडदाच बरा. लहान मूल असलेल्या घरात ब्लाइंडची लोंबती दोरी हा खरा धोका आहे. दोरीचा फास गळ्यात अडकून जगभर लहान मुलं दगावली आहेत. त्यामुळेच अमेरिकेत २०१८च्या अखेरीपासून दुकानात तयार मिळणाऱ्या ब्लाइंडना अशी लोंबती दोरी ठेवता येत नाही. आपल्याकडेही स्प्रिंगचा बिनदोरीचा प्रकार मिळतो, तो मागून घ्यावा. दोरी असेलच तर ती भिंतीला उंच आकड्याने ताणून बांधावी आणि खिडकीखाली पाळणा किंवा पलंग ठेवू नये.

माप हा सगळ्यात जास्त फसवणारा भाग आहे. चार फूट रुंद आणि चार फूट उंच खिडकी धरू. रॉड दोन्ही बाजूंना किमान सहा इंच पुढे, म्हणजे पाच फुटांचा. कापड रॉडच्या दुप्पट रुंदीचं लागतं, तरच चुण्या पडतात. म्हणजे दहा फूट, १२० इंच. पडद्याच्या कापडाचा पन्हा साधारण ४८ किंवा ५४ इंच असतो. ४८च्या पन्ह्यात अडीच पन्हे लागतील, म्हणजे तीन घ्यायचे. ५४च्या पन्ह्यात दोन पन्ह्यांत १०८ इंच मिळतात, पावणेदोन पटीहून थोडं जास्त, आणि साध्या कापडाला ते चालून जातं. वर-खाली सहा-सहा इंच सोडून पडद्याची उंची पाच फूट, त्यात वरची दुमड आणि खालची दुमड धरून सुमारे ७० इंच. तीन पन्ह्यांचे २१० इंच, म्हणजे साडेपाच मीटरला थोडं कमी. मोठ्या फुलांची किंवा वेलींची नक्षी असेल तर प्रत्येक पन्ह्यावर नक्षी जुळवण्यात कापड वाया जातं, तेवढं जास्त धरावं. तयार पडदे पाच, सात आणि नऊ फूट उंचीचे मिळतात. आपली खिडकी या मापात बसत असेल तर ते घ्यायला काहीच हरकत नाही.

साडेपाच मीटर म्हणजे एका सहावारी साडीची लांबी. हा हिशेब कळल्यावर कपाटात पडून असलेल्या सुती साड्यांकडे मी निराळ्या नजरेने बघायला लागलो. पंचेचाळीस इंच पन्ह्याच्या साडीचे सहा-सहा फुटांचे तीन तुकडे होतात आणि वर मोजलेल्या खिडकीला ते नेमके पुरतात. काठ दोन्ही कडांना उभे येतात, पडद्याला आपोआप किनार मिळते. पदराचा तुकडा मधे घ्यावा. नऊवारी असेल तर चार तुकडे निघतात. सुती इरकली किंवा साधी हातमागाची साडी दक्षिणेच्या नाहीतर उत्तरेच्या खिडकीला सुंदर दिसते. रेशमी साडी मात्र पडद्यासाठी कापू नये. उन्हातल्या अतिनील किरणांनी रेशमाचा धागा कुजतो आणि पश्चिमेच्या खिडकीत काही उन्हाळ्यांतच तो घडीवर फाटायला लागतो. पैठणीचा मोह आवरावा. खणाच्या कापडाचा पन्हा अरुंद असतो, त्यामुळे पूर्ण पडदा करण्यापेक्षा साध्या पांढऱ्या किंवा मोतिया कापडाला खाली एक वीत खणाची पट्टी जोडावी. ती उठून दिसते आणि वजनामुळे पडदा सरळ पडतो.

विकत घ्यायचं असेल तर लक्ष्मी रस्ता, रविवार पेठ आणि कॅम्प इथे भरपूर निवड आहे. कापड बहुधा सुरत, पानिपत किंवा पालघरकडच्या कारखान्यांतून आलेलं असतं आणि त्यात पॉलिएस्टरचा वाटा मोठा असतो. पॉलिएस्टरला नाक मुरडू नये. ते आटत नाही, उन्हात सुतापेक्षा जास्त टिकतं आणि पावसाळ्यातही लवकर वाळतं. सुती कापड मऊ पडतं, उजेड सुरेख गाळतं, पण पहिल्या धुण्यात आटतं. पाच फुटांच्या पडद्यात दोन-तीन इंच सहज जातात. म्हणून सुती कापड शिवण्याआधी धुऊन घ्यावं. दुकानात कापड हातात घेऊन न थांबता ते दारापाशी नेऊन उजेडासमोर धरावं, आणि ज्या खोलीसाठी हवं आहे त्या दिशेच्या उन्हाची आठवण करून बघावं. ट्यूबलाइटखाली बघितलेला रंग घरी तसाच दिसत नाही.

पावसाळा हा पुण्याच्या पडद्याचा दुसरा परीक्षक. नैर्ऋत्येकडून तिरके सपकारे येतात, आणि कोथरूड, वारजे, बावधन या पश्चिमेच्या भागात हडपसरपेक्षा पाऊस नेहमी जास्त असतो. पावसाच्या बाजूच्या खिडक्यांना लांब सुती पडदे असतील तर खालची कड ओली राहते, काळे ठिपके येतात, वास धरतो. इथे पॉलिएस्टर किंवा मिश्र कापड घ्यावं आणि पडदा खिडकीच्या कट्ट्याखाली फार सोडू नये. परदेशी मासिकांत जमिनीवर पसरलेले पडदे दिसतात. आपल्या घरी रोज फरशी पुसली जाते, ओल्या फडक्याची किनार पडद्याला लागत राहते. जमिनीपासून किमान एक इंच वर थांबणारा पडदाच आपल्याला चालतो.

भिंतीकडे लक्ष न देता सगळा खर्च कापडावर केला तर एखाद्या रात्री रॉड खाली येतो. नव्या इमारतींच्या भिंती हलक्या ब्लॉकच्या असतात. पुण्यात त्यांना सरसकट 'सिपोरेक्स' म्हणतात, कारण त्या नावाचे ब्लॉक १९७०च्या दशकापासून मुंढव्याला शिर्के यांच्या कारखान्यात बनत आले. हे ब्लॉक उन्हाला चांगले, पण त्यांत आखूड स्क्रू धरत नाही. लांब प्लग आणि लांब स्क्रू वापरावेत, आणि दुहेरी पडद्याचं वजन असेल तर कारागिराला ते आधीच सांगावं. वाड्याच्या जुन्या माती-चुन्याच्या भिंतीत ड्रिल मारण्यापेक्षा सागवानी चौकटीलाच आकडा लावणं सुरक्षित असतं. भाड्याच्या घरात मालक भिंतीला भोक पाडू देत नसेल तर चौकटीच्या आत ताणून बसणारा स्प्रिंगचा रॉड मिळतो. त्यावर हलका पडदाच टांगावा.

गॅसजवळच्या खिडकीला लोंबता पडदा लावू नये, आणि देवघरासमोरही नको. समई-निरांजनाची ज्योत वाऱ्याने हलते, पडदाही हलतो. देवघराला झाकण हवंच असेल तर लाकडी जाळीचं दार करावं.

आवाजाबद्दल अपेक्षा कमी ठेवाव्यात. जाड पडद्याने खोलीतला घुमणारा आवाज मंदावतो, मोकळ्या हॉलमध्ये बोलणं नीट ऐकू यायला लागतं. पण लक्ष्मी रस्त्यावरचा ढोल कोणताही पडदा थांबवत नाही. रस्त्याचा आवाज काचेच्या फटींमधून येतो, तो अडवायचा तर खिडकीच्या रबरी पट्ट्या बदलाव्या लागतात.

रंगाबद्दल आता बोलायला हरकत नाही, आणि त्यात मी फार शिकवणार नाही. खोली लहान असेल तर पडदा भिंतीच्याच छटेचा ठेवल्याने ती मोठी भासते. रॉड छताजवळ लावला तर खोली उंच वाटते. पश्चिमेला निळा, जांभळा असे रंग लवकर उडतात, तिथे मोतिया, राखाडी, मातकट छटा जास्त टिकतात. खोल्याखोल्यांतून एक रंग धागा म्हणून फिरवला, तर प्रत्येक खिडकीला वेगळं कापड असूनही घर विस्कळीत दिसत नाही. एवढं केलं की बाकी आवड आपली.

बाणेर, वाघोली, हिंजवडीकडे सतत बांधकाम चालू आहे, धूळ कमी होण्याची चिन्हं नाहीत. मखमलीसारखं केसाळ कापड ती धरून ठेवतं, दम्याच्या माणसाच्या खोलीत ते घेऊच नये. पंधरवड्यातून एकदा पडदे बाल्कनीत झटकावेत किंवा व्हॅक्यूमने ओढावेत. मोठी धुलाई पाऊस ओसरल्यावर, दसऱ्याच्या आधी करावी. खडकवासल्याचं पाणी सौम्य आहे, पण बोअरवेल आणि टँकरचं पाणी इथल्या काळ्या खडकातून आलेलं, जड असतं. त्याने सुती पडदे ताठरतात आणि पांढऱ्यावर झाक येते. अशा भागात शेवटच्या पाण्यात थोडा पांढरा व्हिनेगर घालावा. पॉलिएस्टरचे पडदे पिळून ओलसर असतानाच परत रॉडवर चढवावेत. आपल्याच वजनाने ते सरळ होतात आणि इस्त्री लागत नाही. आणि शिवायला टाकताना शिंप्याला खालची दुमड पाच-सहा इंचांची ठेवायला सांगावी, पहिल्या धुण्यापर्यंत ती कच्चीच ठेवावी. घर बदललं आणि नवी खिडकी चार बोटं उंच निघाली, तर तेवढं कापड हाताशी असतं.